नालबाइंडिंगमधून काय काय करता येतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टाका एकदा हातात बसला की प्रत्येक जण विचारतो, आता याचं करायचं काय? माझ्याकडे आलेले असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं माझ्या हातून झालेल्या वस्तूंवर आणि संग्रहालयांत जपलेल्या जुन्या नमुन्यांवर आधारलेली आहेत. ज्या वस्तू या वीणीला खऱ्या अर्थाने शोभतात, त्यांच्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

नालबाइंडिंग म्हणजे नेमकं काय?

बोथट टोकाची, मोठ्या नेढ्याची एक सुई आणि लोकरीचा तुकडा, एवढंच साहित्य. सुई आधीच्या फासांतून घालायची आणि मागचा सगळा धागा ओढून बाहेर काढायचा, की एक टाका होतो. नवा फास बहुतेक जण अंगठ्यावर धरतात, म्हणजे सगळे फास सारख्या मापाचे येतात. सुई लाकडाची, हाडाची, शिंगाची असते, प्लॅस्टिकचीही चालते. डॅनिश आणि नॉर्वेजियन भाषांत ‘नोल’ म्हणजे सुई आणि ‘बाइंडिंग’ म्हणजे बांधणं, त्यावरून हे नाव आलं.

दर टाक्याला अख्खा धागा फासातून ओढायचा असल्यामुळे एका वेळी दीड-दोन मीटरपेक्षा लांब धागा घेता येत नाही. घेतला तर गुंता होतो. या वीणीचे सगळे गुणदोष इथूनच निघतात. काम सावकाश होतं आणि वारंवार धागा जोडावा लागतो. पण प्रत्येक टाका शेजारच्या टाक्यांत स्वतंत्रपणे अडकलेला असतो, त्यामुळे एक धागा तुटला म्हणून अख्खी वीण सुटत नाही.

मग हे क्रोशासारखंच झालं ना?

दिसायला कधीकधी तसं वाटतं. पण क्रोशात आणि दोन सुयांच्या विणकामात गुंड्याला जोडलेल्या धाग्याचा फक्त फास ओढला जातो. शेवटचं टोक मोकळं करून ओढलं की सगळं सरसर उसवतं. इथे धाग्याचं टोक प्रत्येक फासातून पार गेलेलं असतं, त्यामुळे ओढून उसवायची सोयच नाही. कात्रीने मधोमध कापलं तरी कापलेली कड बऱ्यापैकी जागेवर राहते.

ही कला किती जुनी आहे?

दोन सुयांच्या विणकामापेक्षा बरीच जुनी. डेन्मार्कमधल्या टिब्रिंड व्हिग या पाण्याखालच्या अश्मयुगीन वस्तीत वनस्पतींच्या तंतूंपासून सुईने गुंफलेल्या कापडाचे तुकडे सापडले आहेत. ते साधारण 6000 वर्षांपूर्वीचे आहेत. इजिप्त, पेरू, पापुआ न्यू गिनी, स्कँडिनेव्हिया, फिनलंड अशा एकमेकांपासून दूर असलेल्या ठिकाणी या जातीच्या वीणी वापरात होत्या. पुढे विणकाम आलं. ते वेगाने होतं आणि त्याला अखंड धागा चालतो, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी ही सुई मागे पडली. उत्तरेकडच्या देशांत मात्र हातमोज्यांसाठी ती 20व्या शतकापर्यंत टिकली. फिनिश भाषेत अशा हातमोज्याला ‘नेउलाकिन्नास’ म्हणतात, म्हणजे सुईचा हातमोजा.

पहिली वस्तू कोणती करावी?

मनगटपट्टा. बहुतेक ठिकाणी नवशिक्यांना टोपी सुचवली जाते, मला ते पटत नाही. टोपीत पहिल्या दहा मिनिटांतच टाके वाढवायला लागतात, आणि तेव्हा हाताला साधा टाकाही नीट आलेला नसतो. मनगटपट्टा म्हणजे सरळ नळी. मनगटाच्या, किंवा खरं तर हाताच्या सगळ्यात रुंद भागाच्या मापाची साखळी करायची, तिला पीळ पडू न देता गोल जोडायची आणि गोल गोल वर जात राहायचं. वाढवणं नाही, घटवणं नाही. तळव्याच्या मापाला पोचलात की थांबायचं. अंगठ्यासाठी भोक हवं असेल तर एका ठिकाणी चार-पाच टाके खालच्या ओळीत न अडकवता नुसती मोकळी साखळी करायची आणि पुढे परत जोडायचं. हीच युक्ती पुढे हातमोज्यात आणि पायमोज्याच्या टाचेत कामाला येते.

जोडीतला दुसरा पट्टा पहिल्यापेक्षा हमखास घट्ट किंवा सैल होतो. होऊ द्या. हात बसत चालल्याचं ते लक्षण आहे.

त्याच पद्धतीने कपाळपट्टी करता येते. गळ्याभोवतीचं कडंही तसंच, फक्त नळी रुंद.

टोपी कशी आकाराला येते?

शेंड्यापासून. सात-आठ फासांचं लहान कडं करून सुरुवात करायची आणि गोल फिरत जायचं. पहिल्या फेरीत प्रत्येक फासात दोन टाके, मग एकाआड एक फासात दोन, मग दर दोन टाक्यांनंतर एक वाढ, असं अंतर वाढवत न्यायचं. आकडा पाठ करण्यापेक्षा काम दर फेरीनंतर टेबलावर सपाट ठेवून बघा. कडा वाटीसारख्या वर वळल्या तर वाढ कमी पडते आहे. झालरीसारख्या लाटा आल्या तर वाढ जास्त झाली. चकती डोक्याच्या माथ्याएवढी झाली की वाढवणं थांबवायचं आणि कानांपर्यंत सरळ खाली यायचं.

जाड लोकर असेल तर मोठ्या माणसाच्या टोपीला साधारण 100 ग्रॅम पुरते. मला एका टोपीला 10-12 तास लागतात, ते मी तीन-चार दिवसांत वाटून घेते. कान झाकणारी कानटोपी हवी असेल तर दोन्ही बाजूंना जिथे कान येतात तिथे उलट-पालट वळत छोट्या ओळी घालून पाकळ्या जोडता येतात.

हातमोजे एवढे महत्त्वाचे का मानले जातात?

कारण ही वीण जणू त्यांच्यासाठीच आहे. दुहेरी-तिहेरी गुंतलेले फास जाड, दाट कापड देतात. त्यात हवा अडकून राहते आणि वारा आत शिरायला धडपडतो. शिवाय हातमोजा तळव्याशी झिजतो, आणि इथे झिजलेलं भोक पसरत नाही. मासेमारी, लाकूडतोड, लगाम धरणं अशी कामं करणाऱ्यांना या दोन गोष्टींपेक्षा जास्त काय हवं असणार?

सगळी बोटं एकत्र आणि अंगठा वेगळा, असा साधा मोजा बोटांच्या टोकापासून सुरू होतो. सहा-सात फासांची छोटी साखळी करा, तिच्या एका कडेने जा, टोकाला वळा आणि दुसऱ्या कडेने परत या. लांबट वर्तुळ तयार होतं. दोन्ही टोकांना वाढ करत हाताच्या रुंदीएवढं झालं की सरळ नळी. अंगठ्याच्या बेचक्याशी आलात की मनगटपट्ट्यातली मोकळ्या साखळीची युक्ती. मनगटापर्यंत पूर्ण करून मग भोकाकडे परत यायचं, त्याच्या कडेने टाके उचलायचे आणि अंगठ्याची नळी वरच्या दिशेने घटवत बंद करायची.

एक सांगते. भोकाच्या दोन कोपऱ्यांत प्रत्येकी एक जादा टाका उचला आणि पुढच्या फेरीत तो घटवून टाका. हे केलं नाही तर तिथे बारीक फट राहते, आणि नेमका गार वारा तिथूनच आत येतो. माझ्या पहिल्या तीन जोड्यांना ही फट होती, ती नंतर बाहेरून टाके घालून बुजवावी लागली.

बोटं वेगळी असलेले मोजे होतात, पण प्रत्येक बोट म्हणजे एक अरुंद नळी आणि जाड सुई त्यात फिरवणं कष्टाचं. बारीक लोकर आणि छोटी सुई घेतलीत तर प्रयत्न करा.

पायमोजे करता येतात का? टाच कशी काढायची?

येतात, आणि या कलेचे सर्वांत प्रसिद्ध जुने नमुने पायमोजेच आहेत.

इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात कॉपरगेट या भागात 1976 ते 1981 या काळात मोठं उत्खनन झालं. तिथे 10व्या शतकातला एक लोकरीचा मोजा मिळाला. तो घोट्यापर्यंतच येतो, आजच्या भाषेत घरात घालायच्या सपात्यांसारखा. बोटांपासून सुरू करून गोल गोल विणलेला आणि टाचेला वळणं घेऊन आकार दिलेला. त्याची वीण यॉर्क टाका म्हणून ओळखली जाते आणि तो मोजा यॉर्कच्याच योर्विक व्हायकिंग सेंटरमध्ये ठेवला आहे.

त्याहून जुने मोजे इजिप्तचे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात लाल लोकरीच्या मोज्यांची एक जोडी आहे. ती ऑक्सिरिंकसच्या दफनभूमीत सापडली आणि इ.स. 250 ते 420 या काळातली मानली जाते. या मोज्यांत अंगठ्याला वेगळा कप्पा आहे, कारण ते पट्ट्यांच्या चपलांबरोबर घालायचे होते. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते दोन सुयांवर विणल्यासारखेच वाटतात, कारण पीळ दिलेल्या फासांची ही वीण बाहेरून सुलट विणकामासारखी दिसते. ब्रिटिश म्युझियममध्ये अँटिनूपोलिसचा एका लहान मुलाच्या डाव्या पायाचा पट्ट्यापट्ट्यांचा मोजा आहे. मंजिष्ठेच्या कुळातल्या मॅडर वनस्पतीचा लाल, वोडचा निळा आणि वेल्डचा पिवळा, एवढ्या तीनच रंगांतून त्याच्या सगळ्या छटा साधल्याचं 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवलं गेलं. कुणीतरी एका लेकराच्या पायासाठी एवढी मेहनत घेतली होती. तो मोजा बघितल्यापासून माझ्या पट्ट्यांच्या रंगांची निवड बदलली.

आता टाचेबद्दल. सोपा मार्ग असा: बोटांपासून नळी करत घोट्याशी या, अर्ध्या घेरात मोकळी साखळी सोडा, नळी पुढे चालू ठेवा. शेवटी त्या फटीभोवती टाके उचलून दर फेरीत दोन्ही कडांना घटवत बंद करा, म्हणजे टाच तयार. फायदा असा की टाच झिजली तर तेवढीच कापून नवी बसवता येते. दुसरा मार्ग म्हणजे घोट्याशी आल्यावर फक्त मागच्या अर्ध्या भागात उलट-पालट ओळी घालून खोलगट वाटी करायची. ती पायाला जास्त छान बसते, पण वळताना टाका उलट्या हाताने घालायची सवय करावी लागते.

बुटात घालायला हे मोजे जाड पडतात. घरात वापरायला किंवा मोठ्या मापाच्या बुटांत उत्तम.

घरातल्या सपात्यांना तळवा कसा द्यावा?

मोजा पायापेक्षा मोठा करून दाटवायचा, म्हणजे गरम पाणी आणि साबण घालून चोळायचा, की लोकरीचे तंतू एकमेकांत गुंततात आणि वस्तू आटून घट्ट होते. मग खाली कातड्याचा तुकडा शिवायचा. नुसती लोकर गुळगुळीत फरशीवर घसरते, तेव्हा हे टाळू नका.

बटवे, पिशव्या, थैल्या?

बटवा हा मनगटपट्ट्यानंतरचा माझा आवडता सल्ला आहे. तळाला टोपीसारखी चकती, वर सरळ नळी, तोंडाशी एका फेरीत मोठे फास सोडून त्यातून दोरी ओवायची. दोरीही याच सुईने करता येते. नुसती सुरुवातीची साखळी लांबवत नेली की झालं.

मोठ्या पिशवीसाठी मात्र पापुआ न्यू गिनीच्या बिलुमकडे बघायला हवं. तिथल्या बायका झाडांच्या सालीचे तंतू मांडीवर वळून दोरा करतात. संपत आलेल्या दोऱ्यात नवे तंतू वळून मिसळतात आणि केवड्याच्या जातीच्या पानाची पट्टी मापाला धरून फासावर फास गुंफतात. रिकामी असताना ती पिशवी मुठीत मावते. भरली की ताणून फुगते; त्यात कंदमुळं नेतात आणि बाळालाही निजवतात. अंगठ्याऐवजी पानाची पट्टी एवढाच मापात फरक, बाकी तत्त्व तेच. सुती किंवा तागाच्या दोऱ्याने मोकळ्या फासांची अशी पिशवी करून बघा. लोकरीची पिशवी वजनाने लोंबत जाते, म्हणून लोकरीची करायचीच तर ती दाटवून घ्या.

स्वयंपाकघरात उपयोगी पडेल असं काही?

गरम भांडं धरायचे फडके आणि भांड्याखालचे गोल तुकडे. लोकर उष्णता अडवते आणि सहज पेट घेत नाही. दाट वीणीची चकती करायची आणि थोडी दाटवायची, की वर्षानुवर्षं टिकते. अॅक्रिलिकच्या धाग्याने हे अजिबात करू नका. तो धागा उष्णतेने वितळतो आणि कातडीला चिकटतो.

किटलीवरची टोपी, बाटलीचं आवरण या टोपीच्याच बहिणी. भांडी घासायला ताठ सुतळीची चकती चालते. स्कँडिनेव्हियात पूर्वी गायीच्या शेपटीच्या केसांपासून याच पद्धतीने दूध गाळायची गाळणी करत. ताठ केस, पाणी न शोषणारा धागा आणि न सुटणारी वीण: वस्तूला साहित्य किती नेमकं निवडावं याचं इतकं सुंदर उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

शोभेच्या वस्तू, खेळणी, दागिने?

चेंडू करा. चकती वाढवा, थोडं सरळ जा, घटवा, बंद करण्याआधी उरलेल्या लोकरीचे तुकडे आत कोंबा. बाहुल्या आणि प्राणी म्हणजे अशाच लहानमोठ्या नळ्या आणि चेंडू जोडलेले.

बारीक धाग्याने काय होऊ शकतं ते पाहायचं तर न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयातलं पेरूचं ‘पाराकास वस्त्र’ बघावं. सुमारे 2000 वर्षांपूर्वीच्या त्या वस्त्राच्या किनारीवर माणसं, प्राणी, वनस्पती अशा 90 छोट्या आकृत्या सुईच्या फासांनी गुंफलेल्या आहेत. डेन्मार्कमधल्या मामेन इथल्या 10व्या शतकातल्या कबरीत तर सोन्याच्या तारेचं काम मिळालं आणि त्यावरून मामेन टाक्याला नाव पडलं. म्हणजे तारेची बांगडी किंवा गळ्यातली साखळी करायची इच्छा असेल तर तुम्ही हजार वर्षांच्या वाटेवरच आहात.

स्वेटर किंवा शाल?

होऊ शकते, पण मी सांगणार नाही. कापड जाड आणि जड होतं, महिने जातात, आणि अंगाच्या मापात झालेली चूक सुधारायला पुन्हा तेवढेच महिने. झुळझुळीत शाल तर या वीणीच्या स्वभावातच नाही. लहान, गोल आणि झिजणारी वस्तू निवडा, म्हणजे टाक्यांत घातलेला वेळ वस्तूत दिसतो.

कोणती लोकर घ्यावी?

जी ओढली तर तुटत नाही, पण पीळ सोडून ओढली तर तंतू सुटे होतात अशी शुद्ध लोकर. मशीनमध्ये धुता येईल अशी प्रक्रिया केलेली लोकर टाळा. तिचे तंतू एकमेकांना धरत नाहीत, त्यामुळे ती जोडताही येत नाही आणि दाटतही नाही. एकेरी धागा फासांतून पुन्हा पुन्हा ओढला गेला की विरतो, म्हणून सुरुवातीला दोन पदरी धागा बरा. गडद रंगात टाके दिसत नाहीत. पहिली वस्तू फिक्या रंगात करा.

धागा संपला की जोडायचा कसा?

कात्री बाजूला ठेवा. धागा हाताने ओढून तोडा, म्हणजे टोक विरळ होतं. दोन्ही टोकांचा पीळ चार-पाच बोटं सोडवा, एकमेकांवर ठेवा, ओल्या तळव्यांत जोरात चोळा. ओलावा, ऊब आणि घर्षण यांनी तंतू एकमेकांत गुंततात आणि जोड दिसतही नाही. जुने लोक तळव्यावर सरळ थुंकायचे. पाण्यानेही होतं, फक्त जरा जास्त चोळावं लागतं. सुती दोरा असा जुळत नाही. त्याची टोकं वीणीतच एकमेकांशेजारून आत ओवून लपवायची.

कोणत्या वस्तूला कोणता टाका?

डेन्मार्कचे एगॉन हॅन्सेन यांनी सुई कोणत्या फासाखालून जाते आणि कोणत्यावरून, हे लिहून टाके नोंदवायची पद्धत घातली. जितके जास्त फास सुई ओलांडते तितकं कापड जाड. ऑस्लो टाका पातळ, लवचीक आणि शिकायला सोपा: टोपी, कपाळपट्टी, मनगटपट्टा. मामेन थोडा भरीव: हातमोजे. फिनलंडकडचे बहुफासी टाके सगळ्यात जाड: थंडीतले मोजे, सपात्या. साधा काजाचा टाका, म्हणजे शिवणकामात काजाला घालतो तोच मोकळा ठेवून, पिशवीला पुरेसा आहे. ऑस्लो एकटा येत असेल तरी या पानावरचं बहुतेक सगळं करता येईल.

दाटवल्यावर वस्तू किती आटते?

लोकरीवर, पाण्याच्या उष्णतेवर आणि चोळण्यावर अवलंबून आहे, म्हणून नेमका आकडा धरून चालू नका. त्याच लोकरीचा हाताच्या पंजाएवढा तुकडा करा, मोजा, गरम पाणी आणि साबण घालून चोळा, परत मोजा. उंची आणि रुंदी सारखी आटत नाही, दोन्ही लिहून ठेवा. मी एकदा हा नमुना न करता घाईने मोठ्यांचे मोजे दाटवले आणि ते शेजारच्या सहा वर्षांच्या मुलीला बरोबर बसले.

चुकलं तर उसवायचं कसं?

सुई उलट्या वाटेने एकेका फासातून मागे काढत. वेळ लागतो, म्हणून दर फेरीनंतर थांबून टाके नजरेखालून घाला. चूक पाच-सहा फेऱ्या खाली सापडली आणि ती फक्त दिसण्याची असेल, तर मी ती राहू देते.

भोक पडलं तर वस्तू टाकून द्यावी लागते का?

मुळीच नाही. विरलेले धागे छाटा, भोकाच्या कडेचे शाबूत फास सुईवर घ्या आणि त्यांच्यातच नव्या धाग्याने गोल फिरत आतल्या दिशेने घटवत या. टाच आणि अंगठ्याचं टोक आधी जातं. माझ्या सर्वांत जुन्या मोज्यांच्या टाचा तीनदा बदलल्या आहेत, प्रत्येक वेळी वेगळ्या रंगाच्या लोकरीने.

धुवायचं कसं?

कोमट पाणी, सौम्य साबण, न पिळता टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचं आणि आडवं वाळवायचं. लोकरीचे मोजे दर वापरानंतर धुवायची गरज नसते, रात्रभर वाऱ्यावर ठेवले तरी ताजे होतात.